शिकाऊ वैमानिक

शिकाऊ वैमानिक : लहान विमान स्वतः चालविण्याचे शिक्षण अधिकृत शिक्षकाच्या देखरेखीखाली घेणारी परवानाधारक व्यक्ती. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार दिला जातो. वयाची १६ वर्षे पूर्ण केलेल्या, दहावी उत्तीर्ण आणि द्वितीय श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीत पात्र ठरलेल्या अर्जदारास तोंडी परीक्षेनंतर तो मिळतो. या परवान्याने मिळणारी मुभा मर्यादित आहे. धारकाने शिक्षकाच्या अनुज्ञेवाचून उड्डाण करू नये, प्रवासी नेऊ नयेत, मोबदला घेऊ नये आणि जेथे जमीन व क्षितिज डोळ्यांनी दिसत नाही अशा हवेत शिरू नये, असा दंडक आहे.

इतिहास : मुंबई इलाख्यात या शिक्षणाचा पाया १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लबने जुहूच्या विमानतळावर घातला. तेथे शिकलेले जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले त्यांचे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे याच जुहूवर उतरले, तेव्हा हौसेने संपादन केलेली ही विद्या देशातील नियमित हवाई वाहतुकीचे मूळ ठरली. पुढे मुंबईच्या आकाशात प्रवासी विमानांची गर्दी वाढत गेली आणि क्लबचे उड्डाणशिक्षण धुळ्यास हलले.

ठाणे–कल्याण परिसर : ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतील विद्यार्थ्यास हवामानशास्त्र, दिशाज्ञान व उड्डाणनियम या विषयांचा अभ्यास घरी बसून करता येतो, उड्डाणासाठी मात्र त्याला जिल्हा सोडावा लागतो. कल्याणनजीक नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी आहे. पण तिचा नागरी प्रशिक्षणाशी संबंध नाही, आणि तिच्या जमिनीच्या हक्कावरून २०१७ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी तीव्र आंदोलन केले. शिवाय सांताक्रूझचा विमानतळ आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ यांच्या सान्निध्यामुळे या परिसराच्या आकाशात नवशिक्यास मोकळेपणी घिरट्या घालण्यास वाव उरत नाही. म्हणून नौपाड्याच्या कडेने, तीन हात नाक्यावरून जाणारा महामार्ग पुढे ज्या आग्रा रस्त्याला मिळतो, त्याच रस्त्यावरील धुळे व शिरपूर येथे, कल्याणहून कर्जत–पुण्याकडे फुटणाऱ्या लोहमार्गाने दौंडवरून बारामतीस, अथवा विदर्भात गोंदियाजवळच्या बिरसी येथे विद्यार्थी जातात. घाटमाथ्यापलीकडील धुळे व बारामती ही ठिकाणे पर्जन्यछायेत असल्यामुळे, कोकणात पावसाळ्यात आठवड्यांमागून आठवडे जी उड्डाणे तहकूब राहिली असती, त्यांपैकी पुष्कळशी तेथे होऊ शकतात.

शिक्षणक्रम : सेसना १५२ हे दोन आसनांचे आणि सेसना १७२ हे चार आसनांचे एक-इंजिनी विमान या कामी जगभर रूढ आहे. एलेव्हेटरने नाक वरखाली होते, एलेरॉनने विमान कुशीवर कलते आणि पायांनी चालविल्या जाणाऱ्या रडरने नाक डावीउजवीकडे वळते, हे हातापायांत मुरल्यानंतर समतल उड्डाण, चढण, उतरण व वळणे यांचा सराव होतो. त्यानंतर स्टॉलचा धडा येतो. नाक प्रमाणाबाहेर वर उचलले असता पंखावरून वाहणारा हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, उत्थापक बल एकाएकी घटते आणि विमान खाली जाऊ लागते. अशा वेळी नाक आणखी वर ओढण्याची मनुष्याची उपजत प्रवृत्ती घातक असल्यामुळे, नाक खाली करून वेग परत मिळविण्याची उलट सवय बुद्धिपुरस्सर लावावी लागते. उड्डाण होताच इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे मागे वळण्याचा मोह टाळून समोरची मोकळी जागा निवडावी, हा नियमही याच जातीचा आहे.

पुढे धावपट्टीभोवती आयताकार फेऱ्या, म्हणजे सर्किट, पुनःपुन्हा घेतल्या जातात. विद्यार्थ्याच्या निर्णयाविषयी पूर्ण खात्री झाली, म्हणजे शिक्षक स्वतः उतरून त्याला एकट्याने पाठवितो. या पहिल्या सोलो उड्डाणात एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान अधिक त्वरेने चढते आणि उतरताना धावपट्टीवर अधिक काळ तरंगते; ही पूर्वसूचना शिक्षकाने आधीच दिलेली असते. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वय १७ वर्षे व किमान ४० तासांचे उड्डाण, त्यात २० तास एकट्याचे, आणि व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ वर्षे व २०० तास आवश्यक असतात. प्रत्येक उड्डाणाची लॉगबुकात रीतसर नोंद करावी लागते.

विवेक : खानदेशातील उन्हाळ्याच्या दुपारी तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांचे बल व इंजिनाची शक्ती दोन्ही उणावतात आणि जमीन सोडण्यास धावपट्टी अधिक लागते, हिवाळ्यातील सकाळची हवा तीच कृती सुलभ करते. म्हणून हवामानाचा अहवाल, विमानाचे वजन, इंधनाचा साठा व स्वतःची प्रकृती पाहून आज उडावे की नाही हे ठरविणे, हाच या विद्येचा गाभा होय. ज्या विद्यार्थ्याला उड्डाण रद्द करण्याचे धैर्य आले नाही, त्याचे शिक्षण, हात कितीही सफाईदार असला तरी, अपुरेच समजावे.

इच्छुकांसाठी : व्यावसायिक वैमानिक होण्याचा खर्च सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबास कर्जाखेरीज सहसा झेपत नाही. म्हणून पालकांनी संस्थेकडील उड्डाणयोग्य विमाने, शिक्षकांची संख्या आणि वर्षातील प्रत्यक्ष उड्डाणाचे महिने यांची चौकशी स्वतः धावपट्टीवर जाऊन करावी. आणि व्यावसायिक परवान्यास प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता अनिवार्य असल्यामुळे, ती तपासणी शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वीच पूर्ण करून घ्यावी.