चेक इंजिनचा दिवा लागला अन् कोड निघाला ‘पी०१७१’? सेन्सर बदलण्याआधी हे वाचा

अमरावती : दर्यापूरहून पेशंट घेऊन इर्विनला निघायचं असो, की लग्नासाठी मूर्तिजापूर गाठायचं असो, गाडीची चाबी फिरवली अन् मीटरमधला इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा विझलाच नाही, की माणूस घाबरतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, ‘पी०१७१’ असा कोड निघतो आणि बऱ्याचदा लगेच सांगितलं जातं, “ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल.” काही हजार रुपये जातात. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. पी०१७१ हा कोड सेन्सर खराब झाल्याचा नाहीच. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच तो सांगतो. ते का कमी पडतंय, हे शोधावं लागतं. ही माहिती पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल बोलेरो किंवा पिकअपचा चेक इंजिन दिवा वेगळ्या कारणांनी लागतो.

आधी दिव्याचा रंग पाहा

- पिवळा दिवा स्थिर आहे, गाडी नीट चालते : घाबरू नका. वेग बेताचा ठेवा, जास्त लोड घेऊ नका आणि एक-दोन दिवसांत तपासून घ्या.
- पिवळा दिवा लुकलुकतोय, गाडी झटके देते : इंजिन मिसिंग करतंय. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. गाडी बाजूला घ्या. हा पार्ट सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.
- लाल दिवा, ऑइलचा किंवा टेंपरेचरचा : तिथेच इंजिन बंद करा. एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

‘लीन’ म्हणजे नेमकं काय?

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा त्यापेक्षा जास्त झाली किंवा पेट्रोल कमी झालं, तर मिश्रण ‘लीन’ झालं असं म्हणतात. उलट झालं तर ‘रिच’. त्याचा कोड पी०१७२.

सायलेन्सरच्या लाइनमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कळवतो. ऑक्सिजन जास्त दिसला की ईसीएम पेट्रोल वाढवतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. शून्याच्या आसपास, १० टक्के कमी-जास्त चालतं. वाढवत वाढवत आकडा २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेला आणि तरी मिश्रण जुळलं नाही, की ईसीएम हात टेकतो आणि दिवा लावतो. प्रत्येक कंपनीची मर्यादा थोडी वेगळी असते.

म्हणजे दिवा लागला तो दिवस बिघाडाचा पहिला दिवस नसतो. बिघाड आधीपासून वाढत आलेला असतो.

पी०१७१ मधला ‘बँक १’ म्हणजे सिलिंडरची पहिली रांग. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना एकच रांग असते, म्हणून हाच कोड येतो. पी०१७४ हा दुसऱ्या रांगेचा, व्ही-६ सारख्या मोठ्या इंजिनांचा.

कोड लगेच पुसू नका

बॅटरीची वायर काढली किंवा स्कॅनरने कोड पुसला, की दिवा जातो. बिघाड जात नाही. उलट दिवा लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन गरम होतं की थंड, लोड किती होता, ही ईसीएमने जपलेली नोंद पुसली जाते. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. आधी स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, मगच पुढचं काम.

स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन मिळतो आणि मोबाइलवर कोड अन् फ्युएल ट्रिम दाखवतो. गावात चार-पाच पेट्रोल गाड्या असतील तर मिळून एक घेतला तरी चालतो.

पहिली पायरी : फुकटची तपासणी

इंजिन थंड असताना बोनट उघडा आणि हे पाहा :

- एअर फिल्टरचा डबा. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत फिल्टर वारंवार काढून हवा मारली जाते. परत बसवताना क्लिप नीट लागत नाही किंवा रबरी नळी अर्धवट बसते. तिथून न मोजलेली हवा आत जाते.
- बारीक रबरी पाइप. व्हॅक्यूमचे हे पाइप उन्हाने अन् वयाने कडक होऊन चिरतात. एप्रिल-मेच्या अकोल्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत हे आधी पाहा. ब्रेकच्या बूस्टरचा पाइपही तपासा. तो फुटला असेल तर ब्रेकही जड लागतो, आणि तो धोका मोठा आहे.
- उंदीर, खार. सोयाबीन, तूर, कापसाच्या गंजीजवळ गाडी उभी राहत असेल तर पाइप अन् सेन्सरच्या वायरी कुरतडल्या आहेत का, ते बघा.
- ऑइल टाकायचं झाकण आणि डीपस्टिक. सैल असतील तर काही गाड्यांत तिथूनही हवा ओढली जाते.

इंजिन चालू करून सू-सू आवाज येतो का, तेही ऐका. काही मेकॅनिक क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधतात. गरम इंजिनावर तो स्प्रे पेट घेऊ शकतो, घरी हा प्रयोग नको. धूर सोडून गळती शोधायचं मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तम.

दुसरी पायरी : दोन वेळचा आकडा

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर फ्युएल ट्रिम दोनदा पाहायचा. एकदा आयडलिंगवर, एकदा २५०० आरपीएमवर रेस धरून.

- आयडलिंगवर आकडा जास्त, रेस दिल्यावर कमी : बाहेरची हवा शिरतेय. पाइप, मॅनिफोल्डचा गॅस्केट किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह बघा.
- आयडलिंगवर ठीक, रेसवर किंवा चढावर जास्त : पेट्रोल पुरत नाही, किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवतोय.
- दोन्हीकडे सारखाच जास्त : पेट्रोलचं प्रेशर, इंजेक्टर, भेसळ किंवा ऑक्सिजन सेन्सर.

इथे एक खाचखळगा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा थेट मोजणारा ‘मॅफ’ सेन्सर नसतो. त्याऐवजी दाबावरून हवेचा अंदाज घेणारा ‘मॅप’ सेन्सर असतो. अशा गाडीत हवेची गळती झाली तर लीन कोडपेक्षा आयडलिंग वाढलेलं जास्त दिसतं. तेव्हा मॅपवाल्या गाडीत पी०१७१ आला आणि आयडलिंग नॉर्मल असेल, तर पेट्रोलच्या बाजूने शोध आधी सुरू करा. मॅफ सेन्सर असेल तर तो त्याच्याच खास स्प्रेने साफ होतो. कापड, ब्रश किंवा कॉम्प्रेसरची हवा लावली तर आतली नाजूक तार तुटते.

तिसरी पायरी : पेट्रोलची बाजू

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी दम तोडते आणि सपाटीवर ठीक चालते, ही पंप किंवा फिल्टर कमजोर असल्याची खूण असू शकते. कारण चढावर इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं. गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा.

टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. कायम रिझर्ववर गाडी पळवली, त्यात उन्हाळा, तर पंपाचं आयुष्य घटतं. पाव टाकी तरी ठेवावी.

इथेनॉलमुळे कोड येतो का?

हा प्रश्न आता सगळे विचारतात. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाताना ही वाढ साधारण ४ टक्के. निरोगी गाडीचा ईसीएम एवढं सहज सांभाळतो, निव्वळ त्याने दिवा लागायचं कारण नाही. पण पाइप आधीच चिरलेला असेल, इंजेक्टर अर्धे चोंदलेले असतील आणि ट्रिम १८-२० वर असेल, तर हे ४ टक्के काठावरून ढकलायला पुरतात. जुन्या गाडीत रबराचे पाइप अन् सीलही इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात.

इथेनॉल पाणी ओढतं, हेही लक्षात ठेवा. पावसाळ्यात कॅनमध्ये महिनाभर ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतू नका. पेट्रोल भरल्याबरोबर त्रास सुरू झाला असेल तर पंपाची पावती जपून ठेवा आणि मेकॅनिकला ते आधी सांगा.

सेन्सरचा नंबर शेवटी

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरची लाइन फुटली असेल किंवा मॅनिफोल्डचा गॅस्केट गेला असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि मिश्रण ठीक असूनही लीन कोड येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक आवाज किंवा जोडावर काजळी दिसली तर आधी तिथे काम करा.

सेन्सर जिवंत आहे का, हेही तपासता येतं. साध्या प्रकारच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खाली-वर होत राहतं. मेकॅनिकने मुद्दाम मिश्रण रिच केलं आणि व्होल्टेज झटकन ०.८ च्या वर गेलं, तर सेन्सर चांगला आहे. तो खरं बोलतोय, बिघाड दुसरीकडे आहे.

गॅरेजमध्ये हे चार प्रश्न विचारा

१. आयडलिंगवर आणि २५०० वर फ्युएल ट्रिम किती आला?
२. हवेची गळती कशी तपासली?
३. पेट्रोलचं प्रेशर मोजलं का, किती निघालं?
४. सेन्सर बदलायचा म्हणता, तर तो खराब आहे हे कशावरून?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, आकडे दाखवतो. काम झाल्यावर कोड पुसून गाडी थोडी गावरस्त्यावर, थोडी हायवेवर चालवा आणि ट्रिम पुन्हा बघा. आकडा १० च्या आत आला तर दुरुस्ती खरी झाली. नुसता दिवा विझला, पण आकडा वीसच्या घरातच राहिला, तर पैसे देण्याआधी गाडी परत आत घ्यायला सांगा.