पदवी नव्हती, तेव्हाचे संख्याशास्त्र

१/ आज एखाद्या खासगी महाविद्यालयात बारावीनंतर संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. होता येते. १९३२ साली असा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम देशात नव्हता. त्या वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन एक विद्यार्थी पदवीधर झाला: सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

२/ फर्ग्युसन हे सरकारी महाविद्यालय नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते १८८५ साली स्थापन केले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे तेथे प्राचार्य होते. संख्याशास्त्राचे नाव नसले, तरी त्याला लागणारी गणिताची शिदोरी तेथे मिळत होती.

३/ त्याच वर्षी, एप्रिल १९३२ मध्ये, कलकत्त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची नोंदणी झाली. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस हे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ही संस्थाही खासगी. तिला संशोधन करता येई, शिकवता येई. पदवी मात्र देता येत नसे.

४/ सुखात्मे १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. फिशर, एगॉन पीअर्सन आणि नेमन यांच्या सहवासात त्यांनी नमुना पाहणीचा सिद्धान्त अभ्यासला. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

५/ १९४० पासून ते भारतातील कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी कार्यात होते. तीनच वर्षांनी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. देशात धान्य पिकते तरी किती, हा आता जगण्यामरण्याचा प्रश्न होता. उत्तर मात्र आणेवारीवर, म्हणजे उभे पीक पाहून बांधलेल्या नजरअंदाजावर, अवलंबून असे.

६/ त्यावर उपाय म्हणजे यादृच्छिक पद्धतीने शेते निवडायची, त्यांतील ठरावीक तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे. पण तुकडा केवढा असावा? महालनोबिस यांच्या बंगालमधील पाहण्यांत लहान तुकडे वापरले जात. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मधून दाखवले, की लहान तुकड्यांमुळे उत्पादन फुगलेले दिसते. कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून सहसा आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने कडेचा वाटा मोठा. ही चूक एकाच दिशेने होते. म्हणून नमुन्यांची संख्या वाढवूनही ती भरून निघत नाही. अन्नटंचाईच्या देशात कागदावर जादा दिसणारे धान्य म्हणजे प्रत्यक्षात रिकामी राहणारी ताटे.

७/ पदवीचे शिक्षण या कामामागून, वरून खाली उतरत आले. कलकत्ता विद्यापीठात १९४१ मध्ये संख्याशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग सुरू झाले, सी. आर. राव त्यांच्या पहिल्या तुकडीतले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटला पदवी देण्याचा अधिकार संसदेने १९५९ च्या कायद्याने दिला आणि १९६० मध्ये तेथे बी.स्टॅट. सुरू झाले. संस्थेच्या नोंदणीनंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी!

८/ दरम्यान, १९५४ मध्ये सुखात्मे यांचा नमुना पाहणीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यात उदाहरणे होती ती शेतांची, गावांची आणि पिकांची. पदवीला संख्याशास्त्र घेण्याची सोय ज्यांना मिळाली नव्हती, त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या हाती त्या विषयाचे पाठ्यपुस्तक दिले.