अच्छाडचे ओहळ व लोकशिक्षण

‘नदीचे मूळ व ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींच्या कुळाविषयी ती खरी असेल. नदीच्या मुळाविषयी मात्र तिने आपले पुष्कळ नुकसान केले आहे, असे आमचे मत आहे. मोठ्या नद्यांस आपण माता म्हणतो व पर्वकाळी त्यांत स्नान करितो. परंतु ज्या झऱ्यांच्या व ओहळांच्या पाण्यावर ती माता पोसली जाते, त्यांची नावेसुद्धा आपणांस ठाऊक नसतात. ही उणीव अलीकडे ध्यानात येऊ लागली आहे. २ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने सेवाग्राम येथून ‘चला जाणूया नदीला’ या अभियानाचा आरंभ केला व त्यासाठी प्रथम ७५ नद्या निवडल्या. लोकांनी काठाकाठाने चालावे, नदीची विचारपूस करावी व तिच्या दुखण्याचे कारण शोधावे, हा त्यामागील हेतू होता. अमेरिकेत तर १९६९ सालीच ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ हा उपक्रम निघाला. ओढ्यातील दगड उलटून त्याखाली कोणते किडे नांदतात ते पाहावे व त्यावरून पाण्याची पारख करावी, हे सामान्य नागरिकांस त्यात शिकविण्यात आले. २००५ पासून सप्टेंबरातील एक रविवार जागतिक नदी दिन म्हणून पाळला जातो. या सर्वांचे आम्ही स्वागतच करितो. तथापि एक प्रश्न उरतो. अशा मेळाव्यांत शिकवावयाचे कोणी, आणि शिकावयाचे कोणी? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांस अच्छाडच्या परिसरात नेऊ इच्छितो.

मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या महामार्गावर, महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर, तलासरी तालुक्यात हे गाव आहे. वाटसरूच्या मनात अच्छाडचे नाव म्हणजे सीमा व मालमोटारींच्या रांगा. परंतु ही सीमा फार जुनी नव्हे. १ मे १९६० पूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले व तलासरीची बाजू महाराष्ट्रात राहिली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला. मनुष्यांनी रेघ ओढली, पण पाण्याने ती मानली नाही. तलासरीकडून येणारी वारोली नदी आजही संजाणजवळून वाहत जाऊन उंबरगाव व नारगोळ यांच्यामधील खाडीने समुद्रास मिळते. वरच्या अंगाचे शेत एका राज्यात, खालच्या अंगाचा कारखाना दुसऱ्यात, आणि दोहोंची दप्तरे निरनिराळ्या भाषांत, अशी या पाण्याची स्थिती आहे.

या ओहळांची खरी माहिती होती ती येथील वारली लोकांस. के. जे. सावे यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथापासून या समाजाविषयी बरेच लिहिले गेले आहे. पावसाचा नारनदेव व धान्याची कणसरी यांना मानणाऱ्या या लोकांचे सारे वर्ष पाण्याच्या चढउतारावर बेतलेले असे. मृगाचा पहिला लोंढा आला म्हणजे मासे ओहळांतून भातखाचरांकडे चढू लागतात. त्यांस उत्तर कोकणात वलगणीचे मासे म्हणतात. पाणी ओसरू लागले की कोणत्या डोहात मासा उरतो, कोणत्या दगडाखाली चिंबोरी सापडते व वैशाखात कोठे हातभर उकरले असता पाणी लागते, हे ज्ञान मुलांस बापाच्या पाठीमागून चालता चालता मिळे. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या चित्रांत मासे धरण्याचे जाळे पुन्हा पुन्हा येते, ते काही उगीच नव्हे. अर्थात् या ज्ञानात सर्वच गोड होते असे नाही. अंडी घालण्यास निघालेला मासा वाटेतच धरणे, किंवा वनस्पतींच्या विषाने डोहातील मासे गुंगविणे, या चालीही त्यातच होत्या. लोकसंख्या थोडी व जंगल दाट होते तोपर्यंत त्यांचा उपद्रव जाणवला नाही.

मग सरकारी कायदे आले. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव करण्याचा मार्ग प्रशस्त केला. १८९७ च्या मत्स्यकायद्याने विष व सुरुंग वापरून मासे मारण्यास मनाई केली. ही मनाई योग्यच होती. परंतु १९२७ च्या वनकायद्यातील कलम २६ पाहावे. राखीव जंगलात नियमांविरुद्ध मासे धरणे व पाणी विषारी करणे हे दोन्ही अपराध तेथे एकाच वाक्यात शेजारी बसविलेले आढळतात. ओहळाचा उपभोग घेणारा व ओहळाचा नाश करणारा यांस एका पंक्तीस बसविल्यावर, त्याच ओहळाचे रक्षण कर असे त्या माणसास कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

शिवाय तो माणूस स्वतंत्र तरी कोठे होता? सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालात या भागातील आदिवासींच्या दैन्याचे वर्णन आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी सावकाराच्या वाडीस पाणी घाली. स्वतःच्या पाड्याच्या झऱ्याकडे पाहण्यास त्यास सवड नव्हती. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी या गावी हजारो वारली जमले व वेठ न करण्याचा निर्धार करून परतले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीगत सांगितली आहे. त्या सभेचा विषय ओहळ हा नव्हता. परंतु ज्याचा स्वतःच्या दिवसावर हक्क नाही त्याचा पाण्यावर हक्क असू शकत नाही, हे जाणले म्हणजे ओहळ-रक्षणाच्या इतिहासात त्या सभेस पहिले स्थान द्यावे लागते. गावाचे नाव झरी असावे, हा योगही लक्षात राहण्याजोगा आहे.

त्याच १९४५ साली याच किनारपट्टीत बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. या कुरणशाळा म्हणजे आमच्या मते या विषयातील दुसरा धडा होय. खडे, शिंपले, पाने व काड्या हीच त्यांची साधने. मुलाचा परिसर हेच त्याचे पुस्तक. ओहळाचे शिक्षण ओहळाच्या काठीच व्हावे, हे तत्त्व आपणांस परदेशातून आणण्याचे कारण नव्हते.

यानंतर कायद्याचे वारेही पालटले. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांची व्यवस्था पंचायतींकडे सोपविली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर मासे व जलाशयांतील इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्क मान्य केला, आणि कलम ५ अन्वये पाण्याचे उगम व पाणलोट यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला. १९२७ मध्ये जो आरोपी होता तो ८० वर्षांच्या आत रक्षक ठरला! परंतु हक्क राजपत्राने परत येतो. ज्ञान तसे येत नाही. ज्यांनी ते बापाच्या मागून चालून मिळविले ते आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांची नातवंडे रोजगारासाठी सीमेपलीकडच्या कारखान्यांत जातात.

म्हणून नदी-परिचयाचे मेळावे आम्हांस महत्त्वाचे वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्या रूढ पद्धतीविषयी आमची तक्रार आहे. मंडप, शपथ, शहरातून आलेल्या तज्ज्ञाचे व्याख्यान, आणि समोर मुकाट बसलेले पाड्यातील लोक, हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्येष्ठात पहिल्या लोंढ्यापूर्वी पाड्यातील एखाद्या आजीने पुढे चालावे. शाळेच्या मुलांनी तिच्या तोंडून प्रत्येक ओहळाचे, डोहाचे व झऱ्याचे नाव वहीत उतरून घ्यावे. तज्ज्ञानेही यावे, पण मागून. दगडाखालील किडे दाखवावे, कारखान्याचे पाणी कसे तपासावे ते सांगावे, आणि वलगणीचा मासा अंडी घालीपर्यंत का सोडावा हेही समजावून द्यावे. ती वही ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर व्हावी, म्हणजे कलम ५ ला हातपाय फुटतील. या फेरीत उंबरगावकडील मुलेही असावीत, कारण अच्छाडच्या बाजूस जे पाण्यात पडते ते त्यांच्याच खाडीत जाते.

हे काम पुढील एकदोन पिढ्यांनी करू म्हटले तर होणार नाही, कारण तोपर्यंत नावे सांगणारे कोणी उरणार नाही. म्हणीने मना केले असले तरी नदीचे मूळ शोधलेच पाहिजे. आणि ते ज्यांच्या अंगणातून वाहते त्यांस विचारूनच शोधले पाहिजे.