गोल मेजावरील इतिहास

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस माँटेरे पार्क नांवाचें एक उपनगर आहे. तेथील एका चिनी भोजनगृहांत आमच्या एका वृद्ध चिनी स्नेह्यांनीं आम्हांस मेजवानीस बोलाविलें होतें. दहा माणसांचें गोल मेज, दाराकडे तोंड असलेली मानाची जागा, आणि प्रत्येकानें स्वतःच्या आधीं शेजाऱ्याच्या पेल्यांत चहा ओतावयाचा, असा शिरस्ता. प्रथम थंड पदार्थ, मग सूप, भाजलेलें बदक, आणि शेवटच्या सुमारास अखंड वाफविलेला मासा. काड्यांनीं जेवतां जेवतां आमची तिरपीट उडाली, ती गोष्ट निराळी. मासा थोडा ठेवावा, असें यजमानांनीं सुचविलें. त्यांच्या भाषेंत 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार एकच. म्हणून ताटांत उरणें तें शुभ. आमच्याकडे पानांत टाकणें हा दोष!

अशा मेजवानीनंतर चिनी मनुष्य जेथें जातो तेथें खाणावळ घालतो, तो त्याचा स्वभावच, असें आपण सहज बोलून जातों. इतिहास पाहतां हें विधान टिकत नाहीं.

याच लॉस एंजेलिसांत १८७१ च्या आक्टोबरांत जमावानें एका रात्रींत अठराएक चिनी माणसें ठार केलीं. आठ आरोपींस शिक्षा झाली, पण वरिष्ठ न्यायालयांत ती टिकली नाहीं. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस अमेरिकेंत येण्याची बंदी झाली. व्यापाऱ्यांस मात्र मोकळीक राहिली. १९१५ सालीं न्यायालयानें भोजनगृहाच्या मालकांची गणना व्यापाऱ्यांत केली, आणि या फटीतून कित्येकांनीं वाट काढली. भागीदारींत भांडवल गोळा करावें, भोजनगृह घालावें. म्हणजे मायदेशीं जाऊन परत येतां येई व आप्तांसही आणतां येई. चुलीच्या आवडीइतकाच कायद्याचा रेटा या धंद्यामागें होता.

आतां उपनगराविषयीं. अनेक उपनगरांतील घरें गोऱ्यांखेरीज कोणास विकूं नयेत, असे करार असत. ते अमलांत आणण्याचें काम न्यायालयांनीं करूं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. प्रवेशबंदी १९४३ सालीं उठली, पण वर्षास अवघ्या १०५ माणसांची मर्यादा राहिली. १९६५ च्या कायद्यानें वंशदेशावर आधारलेली ही वांटणी गेली, आणि तैवान व हाँगकाँग येथून सुशिक्षित कुटुंबें थेट उपनगरांत येऊं लागलीं. १९८६ सालीं माँटेरे पार्कच्या नगरमंडळानें इंग्रजीस राष्ट्राची अधिकृत भाषा करण्याच्या बाजूनें ठराव केला; लोकक्षोभामुळें तो त्याच वर्षीं मागें घ्यावा लागला. १९९० च्या खानेसुमारींत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील आशियाई बहुसंख्येचें पहिलें शहर तें हेंच.

आम्हां हिंदी लोकांवरही १९१७ च्या कायद्यानें तेंच दार लागलें होतें; १९४६ सालीं तें किलकिलें झालें, तेव्हां वर्षास १०० माणसांचा वांटा मिळाला. हें आम्हीं सांगतांच यजमान क्षणभर गप्प राहिले. मग बिल आलें, आणि तें कोणीं द्यावें यावरून रीतीप्रमाणें झटापट झाली. ते जिंकले. उरलेला मासा मात्र त्यांनीं आमच्या हवालीं केला.