वक्फ न होणारी किताब

आमच्या घरी मरहूम वडिलांच्या पुस्तकांचे एक कपाट आणि दोन ट्रंका आहेत. घर लहान; उर्दू वाचणारे दोघेच उरलेले. मुले म्हणतात, "अब्बा, हे सगळं मोबाइलवर मिळतं. देऊन टाकू या." मुलांचे अगदीच चुकते असे नाही. पण देऊन टाकणे म्हणजे नेमके काय, हे आधी इतिहासाला विचारावे असे आम्हाला वाटले.

पुस्तक हातावेगळे करणे मुस्लिम समाजाला नवे नाही. वक्फ हा त्याचा जुना मार्ग. कित्येक हस्तलिखितांवर वक्फाची नोंद आढळते. तिचा अर्थ सरळ आहे: हा ग्रंथ आता विकायचा नाही, वारसांत वाटायचा नाही, ज्याला गरज आहे त्याने वाचायचा.

पाटण्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. मोहम्मद बख्श यांनी १८७६ साली मरताना सुमारे १,४०० हस्तलिखिते मुलाच्या हाती सोपवली आणि ती लोकांसाठी खुली करण्यास सांगितले. मुलगा खुदाबख्श पेशाने वकील. त्यांनी हा संग्रह सुमारे ४,००० हस्तलिखितांपर्यंत वाढवला आणि १८९१ साली ग्रंथालय जनतेला अर्पण केले. १९६९ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. खुदाबख्श यांची कबरही त्याच आवारात आहे. त्यांनी मालकी सोडली, म्हणूनच संग्रह टिकला.

आता आपल्या शेजारचे विजापूर पाहा. आदिलशाही ग्रंथसंग्रहातले उरलेले ग्रंथ आसार महालात होते. राज्य गेले, सांभाळणारे हात थकले आणि १८५३ साली ते ग्रंथ लंडनच्या इंडिया ऑफिस लायब्ररीत गेले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ते तिथे जपले गेले, हे मान्यच करावे लागेल. पण विजापूरच्या विद्यार्थ्याला विजापूरची किताब पाहायला सातासमुद्रापार जावे लागले. पुस्तक सोडण्याचे हे दुसरे रूप: देणाऱ्याने दिले नाही, तरीही गेले.

आता स्कॅनमुळे हे अंतर मिटेल, अशी आशा आहे, आणि ती खोटी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'ने हजारो उर्दू पुस्तके घरबसल्या वाचायला दिली. कोकणातल्या एखाद्या मुलीला आज जे मिळते, ते आमच्या पिढीला मिळाले नव्हते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन हस्तलिखिते दीर्घकाळ दिसेनाशी झाली. कागद मात्र फडताळात सुखरूप होता.

विकतच्या ई-बुकची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथे बहुधा पुस्तक विकले जात नाही. वाचण्याचा परवाना मिळतो. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत केले गेले. पण पुस्तक वाचकाला न विचारताच गेले. जे आपल्या मालकीचे नाही, ते वक्फ कसे करणार?

म्हणून आम्ही मुलांना सांगितले: जे सर्वत्र मिळते ते खुशाल देऊ या. जे दुर्मीळ आहे, ज्याच्या समासात वडिलांचे अक्षर आहे, त्याचे आधी स्कॅन करू. मग मूळ प्रत जिथे वाचक येतात अशा वाचनालयाला, यादी करून, लेखी देऊ. रद्दीवाल्याला मात्र नाही.

पहिल्या ट्रंकेची यादी मुलीनेच लिहायला घेतली आहे. उर्दू नावे आम्ही वाचून दाखवतो. ती मराठीत उतरवते.