पिकअप ट्रकमधील ब्रेकदोषांचे निदान
जुन्या पिकअप ट्रकमध्ये बहुधा पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलद्वारे चाकांपर्यंत पोहोचतो. पेडल स्पंजासारखे लागल्यास नळ्यांत हवा शिरल्याचा संभव असतो. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल व बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील तपासतात. वाहन एका बाजूस ओढले जाणे हे अडकलेल्या कॅलिपरचे लक्षण असू शकते. ऑइलची पातळी घटल्यास केवळ भर न घालता गळती व पॅडची झीज पाहणे आवश्यक ठरते. ब्रेक ऑइल ओलावा शोषते. डॉट ३ ऑइलचा किमान प्रमाणित उत्कलनबिंदू त्यामुळे २०५° से.वरून १४०° से.पर्यंत उतरतो. परिणामी लांब उतारावर ऑइलची वाफ होऊन ब्रेक निकामी होऊ शकतात.