ग्राउंड कोणाच्या नावावर होतं?

परवा शनिवारी घरी गेलो होतो, राजगुरुनगरला. (हिंजवडीहून निघून चाकणच्या चौकात किती वेळ गेला ते विचारू नका.) भाचा आला होता, वय वर्षे आठ, हातात नवी बॅट. "मामा, तू खेळायचास त्या ग्राउंडवर जाऊ या ना!" मीही मोठ्या ऐटीत त्याला घेऊन निघालो आणि गल्लीच्या टोकाला गेल्यावर थांबलो. जिथे आम्ही दहावीपर्यंत दर रविवारी क्रिकेट खेळलो तिथे आता चार मजली इमारत आहे. खाली एक मेडिकल, एक मोबाइलचं दुकान. पोरगं माझ्याकडे बघतंय, मी इमारतीकडे.

घरी येऊन तणतण केली. "आपलं ग्राउंड खाल्लं लोकांनी!" बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "ग्राउंड कधी होतं ते? वावर होतं एकाचं. पड होतं म्हणून तुम्ही खेळायचात. त्याला मुलीच्या लग्नाला पैसे लागले, त्याने विकलं. त्यात कोणी काय खाल्लं?"

खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही. मग गावात मैदान कुठे असावं, बाग कुठे असावी हे ठरवतं तरी कोण, याच्या मागे लागलो आणि अख्खा वीकएंड त्यातच गेला.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्याला शाळेत एका ओळीत सांगतात आणि पुढे जातात. त्या वेळचे सभासद सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. ३२ सभासदांपैकी विरोधात एकटे फुले! त्यांचं म्हणणं साधं होतं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. शहरात मोठी मंडई बांधायच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच, १८८६ मध्ये, आणि तिला गव्हर्नर रे यांचं नाव मिळालं. पुढे १९३०च्या दशकात आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव बदलून महात्मा फुले मंडई केलं. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच त्यांचं नाव! असो.

मला यातली गंमत वेगळीच वाटली. आपण नगरपालिका म्हटलं की गटार, नळ, दिवे एवढंच बघतो. पण मुळात ती पैसा आणि जागा कशासाठी आधी, कशासाठी नंतर हे ठरवणारी सभा आहे. १८ मे १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या ठरावाने तिथे लोकांनी निवडलेली माणसं बसवायचा रस्ता मोकळा केला. मग आमच्या गावात हे कोणी ठरवलं?

तर उत्तर असं की बराच काळ कोणीच नाही. खेड (गावाचं नाव हुतात्मा राजगुरूंवरून राजगुरुनगर झालं, तालुका अजून खेडच) हे तालुक्याचं ठिकाण असूनही २०१० नंतरच्या दशकापर्यंत ग्रामपंचायतच होतं. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. पाणी द्या, दिवे लावा, गटारं काढा, घरपट्टी गोळा करा. शेतीच्या गावाला हे ठीक आहे. पण वीस-तीस वर्षांनी इथे किती लोक राहतील, त्यांना रस्ते, शाळा, मैदानं किती लागतील, हा हिशोब करणं हे ग्रामपंचायतीचं कामच नव्हे.

आता शेजारी बघा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, मग एमआयडीसी आली आणि माणसं आली. ४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं (२०२१ साली ते विलीन झालं). प्राधिकरणाने आधी जमीन ताब्यात घेतली, सेक्टर आखले, बागांच्या जागा सोडल्या आणि मग प्लॉट वाटले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मोबदल्याची भांडणं पुढे कित्येक वर्षं चालली, ती किंमत विसरून चालणार नाही. पण निगडीच्या सेक्टरमधला रुंद रस्ता आणि कोपऱ्यावरची बाग बघताना हे लक्षात ठेवा : तिथे कागद आधी आला, घर नंतर.

आमच्याकडे उलटं झालं. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन २००९ च्या. हे कारखाने राजगुरुनगरच्या हद्दीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून गावाला पट्टी मिळत नाही. पण तिथे काम करणारी माणसं राहायला इथे येतात! पुणे-नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंनी वावरं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली, घरं झाली, आणि नगरपरिषद त्यानंतर झाली. मी तेव्हा शाळा-कॉलेजात होतो. डेटाबेसचा विचार न करता आधी स्क्रीन बनवत सुटलं की पुढे काय होतं, हे आयटीवाल्यांना सांगायला नको.

बरं, कागदावर जागा आली म्हणजे बाग झाली का? तर नाही. इथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ येतो. शहराचा विकास आराखडा करताना खासगी जमिनीवरही 'बाग', 'मैदान', 'शाळा' अशी आरक्षणं टाकता येतात. मालकाला मग तिथे मनाप्रमाणे बांधता येत नाही. पण कलम १२७ मध्ये चक्क टाइमआउट आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत (मूळ कायद्यात सहाच महिने होते) घेतली नाही किंवा घ्यायला ठोस पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द! नुसतं पत्र पाठवलं की झालं, असंही नाही. सुप्रीम कोर्टाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलं की पाऊल खरोखर भूसंपादनाकडे जाणारं हवं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे कलम बिल्डरच्याच सोयीचं वाटलं. मग बाबांचं वाक्य आठवलं. ज्याची जमीन आहे त्याने मुलीच्या लग्नासाठी किती वर्षं थांबायचं? गावाला मैदान हवं असेल तर गावाने त्याला पैसे द्यावेत, किंवा बदल्यात टीडीआर द्यावा. फुकटात त्याच्या वावरात खेळायची सोय कायमची कशी मिळणार? बाग कोणी रात्रीतून चोरत नाही. दहा वर्षं बजेटमध्ये तिच्यापुढे शून्य लिहिलं जातं, मग नोटीस येते, आणि तिचं उत्तर द्यायला तिजोरीत पैसे नसतात. प्रत्येक वर्षी पैसे दुसऱ्याच कशावर तरी खर्च झालेले असतात. फुले ज्या हजार रुपयांवरून भांडले ते हेच.

आणि आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. मतदारयादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला विचारू शकायचा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली आणि शहरांना वॉर्ड कमिट्या मिळाल्या, पण घटनेने त्या सक्तीच्या केल्या तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. आमच्यासारखी गावं मधेच लटकली. शहर झालो म्हणून ग्रामसभा गेली, पुरेसं मोठं शहर नाही म्हणून वॉर्ड कमिटी नाही. आम्ही नगरपरिषद झाल्याचे पेढे वाटले. ग्रामसभा गेली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

यावर लोकांनी आपापली वाट काढलेली आहे. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी एकत्र येऊन गल्लीचा कचरा आणि स्वच्छता हातात घेतली. मुंबई महापालिकेने तोच नमुना १९९७ मध्ये 'एएलएम' म्हणून शहरभर उचलला. गल्लीची समिती कचरा वेगळा करू शकते, झाडं लावू शकते, अधिकाऱ्याला बोलावून खड्डा दाखवू शकते. नसलेली जागा मात्र ती निर्माण करू शकत नाही. त्यासाठी आराखड्याचा मसुदा येतो तेव्हाच, हरकतींची मुदत संपायच्या आत, लेखी अर्ज द्यावा लागतो. २०२५ साली पिंपरी-चिंचवडच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या. त्यात स्वतःचं घर वाचवणारेही होते, असणारच. पण निदान लोकांनी नकाशा उघडून बघितला.

राज्यातल्या नगरपालिकांच्या रखडलेल्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या, राजगुरुनगरच्याही. प्रशासक जाऊन पुन्हा निवडलेली माणसं बसली आहेत. म्हणजे विचारायला कोणीतरी आहे. प्रश्न दोनच आहेत : आपल्या भागात बाग-मैदानासाठी ठेवलेल्या जागा कोणत्या, आणि यंदाच्या बजेटमध्ये त्या घ्यायला किती पैसे आहेत? मी दोन्ही एका अर्जात लिहिलेत. बाबांनी शुद्धलेखन तपासलं आणि खाली स्वतःचीही सही केली, हे विशेष.

भाच्याला त्या दिवशी शेवटी गच्चीवर खेळवलं. तिसऱ्याच बॉलला चेंडू शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे गेला आणि मॅच संपली.

तुमचीही मुलं कुठेतरी खेळत असतीलच. त्या जागेचा सातबारा एकदा काढून बघा. ऑनलाइन मिळतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी ते दहा वर्षं उशिरा केलं.